मिरीचा रस्सा, मिरचीचा रस्सा
उत्रोलीत मटण शिजलं की रस्सा लालभडक हवाच. पण मिरची मूळची अमेरिकेतली. १५१० साली गोवा घेणाऱ्या पोर्तुगीजांच्या व्यापारातून ती आपल्याकडे आली. त्याआधी तिखटाला मिरी होती. 'मिरची' हे नावही तिच्यावरूनच पडलं. याच दर्यावर्दी व्यापारातून मिरची पश्चिम आफ्रिकेतही पोचली. नायजेरियात मटणाचं पातळ, तिखट सूप बाळंतिणीला देतात. आपणही पायाचं सूप देतो, मिरी घालून. ते सूप घरी करायचं तर मटण, कांदा, आलं, मिरची आणि किंचित जायफळ पुरे, वाटण नको. एरवी चांगले तुकडे पुरुषांच्या ताटात जातात. ही पहिली वाटी मात्र दोन्हीकडे बाळंतिणीची. ती तिलाच मिळू द्या.