हेडलाईटचे दोन स्क्रू

हेडफोन लावलेत ना? गाडी चालवत ऐकत असाल तर आवाज जरा कमी ठेवा आणि डोळे रस्त्यावर. कारण आजचा भाग डोळ्यांबद्दलच आहे. गाडीच्याही, आणि समोरून येणाऱ्या माणसाच्याही.

आधी एक कबुली. मागच्या दिवाळीत मी मामाच्या पिकअपला ऑनलाईन मागवलेले एलईडी बल्ब बसवले. पिकअप जुनी, जीपच्या तोंडाची, दोन गोल डोळ्यांची. मामा रात्री टोमॅटोचे क्रेट भरून नारायणगावच्या बाजाराला जातो. "त्या पिवळट उजेडात यांना खड्डासुद्धा दिसत नाही," ही मामीची जुनी तक्रार. मी पडलो बीटेक झालेला भाचा. वीस मिनिटांत बल्ब बदलले, पांढराशुभ्र उजेड पडला, मामी खूश, आणि मी पुण्याला परत.

आठ दिवसांनी मामाचा फोन आला. "अरे, आप्पा चारीत गेले. आपल्याच गाडीसमोर."

शेजारचे आप्पा मोपेडवरून समोरून येत होते. डोळ्यांपुढे सगळं पांढरं झालं, रस्त्याची कड दिसेना, आणि ते मोपेडसकट चारीत. मनगट मोडलं. मामा मला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

त्या रात्री मी वाचायला बसलो, आणि लक्षात आलं की मी जी चूक केली ती टाळायला जगाने साठ-सत्तर वर्षं डोकं खपवलंय. चला, तिकडे जाऊ.

सुरुवातीच्या मोटारींना ॲसिटिलीनचे दिवे असायचे. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी पडलं की गॅस तयार होतो, तो पेटवायचा. मग १९१२ साली कॅडिलॅकने इलेक्ट्रिक स्टार्टर आणि विजेचे दिवे एकत्र दिले. उजेड वाढला, आणि लगेच दुसरी बोंब सुरू झाली: समोरच्याला दिसत नाही! म्हणजे आप्पांची तक्रार शंभर वर्षं जुनी आहे.

उपाय काय? १९१५ च्या सुमारास अमेरिकेत दिवा खाली झुकवायची सोय आली. पण त्यासाठी गाडी थांबवून खाली उतरावं लागायचं. विचार करा, समोरून गाडी आली की तुम्ही उतरून दिवा वाकवताय! १९१७ मध्ये कॅडिलॅकने आतूनच दांडी ओढून दिवा झुकवायची सोय केली. पुढे १९२४ मध्ये बायलक्स बल्ब आला. एकाच बल्बमध्ये दोन तारा, एक अप्परची, एक डिपरची. आज आपण अंगठ्याने जे बटण दाबतो, त्याचं मूळ तिथे आहे.

आता ऐका, माझी चूक इथेच आहे. या दोन तारांच्या बल्बचा पुढचा अवतार म्हणजे १९७१ चा एच-फोर हॅलोजन. आपल्याकडच्या लाखो गाड्यांत तोच आहे. त्यात डिपरच्या तारेखाली एक छोटीशी धातूची वाटी असते. दिव्याच्या आतल्या आरशाचा खालचा अर्धा भाग उजेड वर फेकतो, म्हणून ही वाटी त्या भागावर उजेड पडूच देत नाही. सगळा खेळ मिलिमीटरचा. तार, वाटी आणि आरसा यांची जागा ठरलेली. मी त्या जागी भलत्याच आकाराचा एलईडी खुपसला. उजेडाचा स्रोत हलला, आरशाचा हिशोब बिघडला, आणि डिपरसुद्धा थेट आप्पांच्या डोळ्यांत. आमच्या भाषेत सांगायचं तर मी दुसऱ्याचं इंटरफेस न वाचता कोड घुसवला, आणि तोही थेट प्रॉडक्शनवर.

मग गोल डोळ्यांचं काय? १९४० पासून अमेरिकेत एक नियम रूढ झाला: प्रत्येक गाडीला ७ इंची गोल, सीलबंद दिवे. त्याआधी आरशावर धूळ, ओल बसून तो काळा पडायचा. सीलबंद दिव्यात काच, आरसा, तार सगळं एकसंध. बिघडला की अख्खा बदला, कुठल्याही गावात तोच मिळेल. १९४५ ची नागरी जीप, सीजे-टू-ए, हेच ७ इंची डोळे घेऊन आली. पुढे महिंद्राने आपल्याकडे जीप बनवल्या आणि तो गोल चेहरा आपल्या घाटांत, शेतांत रुळला. मामाच्या पिकअपमध्ये बल्ब मागून बदलता येतो, पण माप तेच, ७ इंच. आणि कडेला तेच दोन स्क्रू. वरचा स्क्रू उजेड वर-खाली करतो, बाजूचा डावीकडे-उजवीकडे.

आता मुद्दा पिकअपचा. कारच्या आणि पिकअपच्या हेडलाईटमध्ये एक मोठा फरक आहे: माल. मागे क्रेट भरले की पाटे दबतात, मागचा भाग खाली बसतो आणि नाक वर उठतं. हिशोब करू. पुढच्या-मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर धरा. मागचा भाग ५ सेंटिमीटर बसला, तर गाडी २ टक्के कलली. म्हणजे १० मीटरवर उजेड २० सेंटिमीटर वर. रिकाम्या गाडीत तुम्ही तो १० सेंटिमीटर खाली ठेवला असेल, तर आता १० सेंटिमीटर वर. ५० मीटरवर अर्धा मीटर वर! दिवा जमिनीपासून ८५ सेंटिमीटरवर असेल, तर उजेड १ मीटर ३५ सेंटिमीटरवर पोचला. मोपेडवर बसलेल्या माणसाचे डोळे साधारण तिथेच असतात.

फ्रान्समध्ये हे फार आधी ओळखलं होतं. १९४८ मध्ये पॅरिसला लोकांसमोर आलेली सिट्रोएनची टू-सीव्ही ही खेड्यातल्या शेतकऱ्यासाठी विचार करून बनवलेली गाडी. तिचे स्प्रिंग इतके मऊ की मागे माल टाकला की नाक आभाळाकडे. म्हणून तिच्यात हेडलाईट आतूनच खाली करायची सोय होती. आज नव्या गाड्यांत स्टिअरिंगजवळ शून्य ते तीन आकड्यांची छोटी चकती असते ना, जिला कुणीच हात लावत नाही? तिचं काम हेच.

आपला कायदाही याबद्दल गप्प नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत लिहिलंय की दिवा कायम खाली झुकलेला हवा, नाहीतर चालकाला तो खाली झुकवता तरी यायला हवा. ८ मीटरवर, दीड मीटर उंचीवर डोळे असलेला माणूस दिपता कामा नये.

पुढच्या शनिवारी मी गावी गेलो. आधी एलईडी काढले, साधे ६०/५५ वॅटचे हॅलोजन लावले. मग कळलं, उजेड पिवळट का होता ते. अर्थिंगची वायर गंजली होती. तारेच्या बल्बला व्होल्टेज १० टक्के कमी मिळालं की उजेड जवळजवळ ३० टक्के कमी होतो. वायर घासली, घट्ट केली, काचा पुसल्या. एवढ्यानेच निम्मं काम झालं. नवा बल्ब मुळात लागतच नव्हता!

संध्याकाळी क्रेट भरले, टायरची हवा बघितली, मामाला सीटवर बसवलं. शाळेच्या पटांगणात, सपाट जमिनीवर, भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी. दिव्याच्या मध्याएवढ्या उंचीवर भिंतीला चिकटपट्टी लावली, तिच्याखाली १० सेंटिमीटरवर दुसरी. डिपर लावला, एका दिव्यापुढे पुठ्ठा धरला, आणि दुसऱ्याचा स्क्रू फिरवत उजेडाची वरची कड खालच्या पट्टीवर आणली. मग दुसरा दिवा. भरलेल्या गाडीवर केलं, कारण मामा रात्री भरूनच जातो. रिकामा येताना उजेड थोडा जवळ पडेल, तेवढं चालेल.

शेवटची टेस्ट आप्पांनी केली. मी बोलावलं नव्हतं, माफी मागायला गेलो तर तेच म्हणाले, "चल, बघू तरी." प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून ते रस्त्यावर समोर उभे राहिले. मामाने डिपर लावला. आप्पा जरा वेळ बघत राहिले.

"कड दिसतीय आता," ते म्हणाले. आणि घरी गेले.

तर मंडळी, आज रात्री घरी पोचलात की गाडी भिंतीसमोर उभी करा आणि एकदा बघा, तुमचा उजेड कुठे पडतोय. पुढच्या भागात भेटू. सांभाळून जा.