सदाफुलीचे देणे आणि घेणे

नेवासे तालुक्यातल्या सोनईत काय किंवा महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात काय, सदाफुलीची निगा कोणाला राखावी लागत नाही. मूळची ती मादागास्करची. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरील एका प्रमुख औषधाचा इतिहास या साध्या झाडापाशी सुरू होतो.

जमैकात मधुमेहावर सदाफुलीच्या पानांचा काढा घेत. 1952 साली तिथली पाने कॅनडात डॉ. क्लार्क नोबल यांच्याकडे आली; त्यांनी ती संशोधक भाऊ रॉबर्ट यांना दिली. प्रयोगात उंदरांची साखर उतरली नाही. उतरल्या त्या रक्तातील पांढऱ्या पेशी. यातूनच रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी व्हिन्ब्लास्टीन वेगळे केले. पाठोपाठ अमेरिकेत एली लिली कंपनीच्या गॉर्डन स्वोबोडा यांना व्हिन्क्रिस्टीन सापडले. 1963 मध्ये त्याला तिथे मान्यता मिळाली.

हे औषध अस्थिमज्जेला फारसे दुखवत नाही, म्हणून ते इतर औषधांच्या जोडीने देता आले. 1980च्या दशकापासून मुंबईचे टाटा रुग्णालय, दिल्लीचे एम्स आणि चेन्नईची कॅन्सर इन्स्टिट्यूट यांनी राबवलेल्या ‘एमसीपी 841’ या उपचारक्रमातही ते होते.

त्याची किंमत मज्जातंतू मोजतात. पेशी दुभंगताना ज्या सूक्ष्म नलिकांचा आधार घेते, त्यांची बांधणी व्हिन्क्रिस्टीन मोडते. मज्जातंतूची रसदही तशाच नलिकांवरून टोकापर्यंत जाते. जो गुण कर्करोगाला मारतो, तोच मज्जातंतूला जाचतो. सर्वांत लांब तंतू पायांचे. बहुधा तेच आधी थकतात. पाऊल उचलत नाही, चप्पल निसटते, मूल अडखळते. बटण लावणे, पेन्सिल धरणे जड जाते; जबडा दुखतो, शौचाला साफ होत नाही.

डॉक्टर हातोडीने घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया तपासतात, पण निसटणारी चप्पल आधी दिसते ती घरच्यांना. ‘अशक्तपणा असेल’ म्हणून ती गोष्ट घरातच राहू नये. वेळीच कळले तर डॉक्टर मात्रा कमी करू शकतात, व्यायाम व पायाला आधारपट्टी देऊ शकतात. इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल यांसारख्या बुरशीविरोधी औषधांनी हा त्रास वाढतो; तीही पाहता येतात. बहुतेक मुले काही महिन्यांत सावरतात, काहींच्या पावलांत खूण राहते. मात्र आपल्या मनाने इंजेक्शन चुकवू नये, आणि अंगणातल्या पानांचा काढा तर मुळीच देऊ नये.

ल्युकेमियाचा इतिहास वाचलेल्या मुलांच्या आकड्यांत मांडला जातो. ती मुले पुढे कशी चालली, हेही त्याच इतिहासात लिहायला हवे.