निंदा-स्तुतीच्या पलीकडे : शिऊरच्या संत बहिणाबाई आणि त्यांचे श्रोते

आपल्या छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्याची भूमी अनेक धर्मप्रवाहांनी पावन झालेली आहे. वेरूळच्या डोंगरात ३० ते ३४ क्रमांकाच्या लेण्यांत तीर्थंकरांच्या ध्यानस्थ मूर्ती शतकानुशतके विराजमान आहेत. पैठण येथे भगवान मुनिसुव्रतनाथ आणि कचनेर येथे चिंतामणी पार्श्वनाथ यांच्या दर्शनासाठी दूरदूरहून श्रावक-श्राविका येतात. याच पैठणने महाराष्ट्राला संत एकनाथ दिले, आणि याच जिल्ह्यातील वैजापूर तालुक्यात, शिऊर या गावी, संत बहिणाबाईंची समाधी आहे. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने न्यास आपल्या वाटचालीचे सिंहावलोकन करीत असताना, शेजारच्या अंगणातील या दिव्याकडेही आदराने पाहणे अनेकान्ताचे संस्कार लाभलेल्या समाजाला शोभणारेच आहे.

प्रारंभीच एक खुलासा आवश्यक आहे. बहिणाबाई म्हटले की बहुतेकांना खानदेशातील बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) आठवतात. त्यांची गाणी त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली. प्रस्तुत लेखातील बहिणाबाई त्यांच्या अडीचशे वर्षे आधीच्या, संत तुकाराम महाराजांच्या शिष्या होत.

देवगाव ते कोल्हापूर

बहिणाबाईंचा जन्म इ. स. १६२८ मध्ये कन्नड तालुक्यातील देवगाव (रंगारी) येथे झाला. वडील आऊजी गावचे कुलकर्णी, आई जानकी. अजाण वयातच त्यांचा विवाह शिऊरच्या पाठक घराण्यातील, वयाने खूप मोठ्या असलेल्या बिजवराशी लावण्यात आला. पती वेदविद्येत निपुण, पण स्वभावाने तापट होते. बहिणाबाई नऊ वर्षांच्या असताना कर्जाच्या संकटामुळे हे कुटुंब गाव सोडून निघाले. पंढरपूर, शिखर शिंगणापूर, रहिमतपूर असा प्रवास करीत ते कोल्हापुरास येऊन स्थिरावले.

तेथे जयराम स्वामी वडगावकर यांची कीर्तने चालत. घरी दान मिळालेल्या गाईचे वासरू बहिणाबाईंच्या मागे मागे कीर्तनाला जाई. एके दिवशी गर्दीमुळे लोकांनी वासराला बाहेर काढले. जयराम स्वामींनी त्याला परत आत आणवले आणि वासराच्या व त्या मुलीच्या मस्तकावर हात ठेवला. ही वार्ता गावभर झाली. पतीच्या कानी जाताच त्यांनी बहिणाबाईंना बेदम मारले. पुढे ते वासरू मरण पावले आणि बहिणाबाई कित्येक दिवस शुद्ध हरपून पडल्या. त्याच अवस्थेत, इ. स. १६४० मध्ये, तुकाराम महाराजांनी स्वप्नात येऊन आपणास मंत्र दिला, असे त्यांनी आपल्या अभंगांत नमूद केले आहे. त्या वेळी त्यांचे वय अवघे बारा वर्षांचे होते.

एका मुक्या जीवाविषयीची ही करुणा त्यांच्या आत्मचरित्राच्या आरंभीच आहे, ही गोष्ट जीवदयेला धर्माचे मूळ मानणाऱ्या वाचकांनी अवश्य ध्यानात घ्यावी.

स्तुतीचा भार

यानंतरचा प्रसंग अत्यंत उद्बोधक आहे. स्वप्नाची वार्ता पसरताच लोक त्या बारा वर्षांच्या मुलीला पाहण्यासाठी, तिचे ऐकण्यासाठी येऊ लागले. कवीला श्रोते मिळावेत, ही कोणालाही आनंदाची गोष्ट वाटेल. बहिणाबाईंच्या वाट्याला मात्र हीच स्तुती संकट होऊन आली. लोक पत्नीला वंदन करतात, आता तिच्यापुढे आपली काय किंमत राहणार, ही सल पतीच्या मनाला लागली. त्यातच शूद्र मानल्या गेलेल्या तुकोबांना ब्राह्मण स्त्रीने गुरू मानावे, हे त्यांना असह्य झाले. पत्नी गरोदर असतानाही तिला सोडून जाण्याचा निश्चय त्यांनी केला.

हे सारे बहिणाबाईंनी लपविले नाही, आणि पतीची निंदाही केली नाही. वेदपुराणे स्त्रीदेहाला दोष देतात, मंत्राचा अधिकार नाकारतात, मग आपण परमार्थ साधावा तरी कसा, हा त्यांचा प्रश्न आजही वाचकाला अस्वस्थ करतो. पतिसेवा सोडायची नाही आणि नामस्मरणही सोडायचे नाही, हा त्यांचा निर्धार होता. लोकांचे वंदन त्यांनी स्वतःच्या नावे जमा केले नाही. ते गुरुकृपेच्या खाती मांडले. पुढे पतीला मोठे आजारपण आले, त्यात त्यांना पश्चात्ताप झाला आणि ज्यांचा ते तिरस्कार करीत, त्याच तुकोबांच्या दर्शनासाठी ते सहकुटुंब देहूस गेले. बहिणाबाईंच्या भक्तीचा सर्वांत कठोर श्रोता त्यांच्या घरातच होता, आणि तोच अखेर त्यांचा सहप्रवासी झाला.

देहूतील विरोध

देहूत बहिणाबाईंना तुकोबांची कीर्तने प्रत्यक्ष ऐकावयास मिळाली. तुकोबांना डोळ्यांनी पाहिलेल्या शिष्येने लिहिलेले म्हणून त्यांचे अभंग इतिहासाच्या अभ्यासकांना मोलाचे वाटतात. परंतु तेथेही छळ सुटला नाही. मंबाजी गोसावी यांचे शिष्यत्व नाकारल्यामुळे त्यांचा रोष या कुटुंबावर ओढवला. उच्चवर्णीयांनी तुकोबांना गुरू मानणे हा त्यांच्या दृष्टीने अपराध होता.

या निंदेला बहिणाबाईंनी दिलेले उत्तर संयमी, पण ठाम आहे. ‘वज्रसूची’ या संस्कृत ग्रंथाच्या आधारे त्यांनी अभंग रचले आणि ब्राह्मणत्व जन्माने, देहाने वा वर्णाने ठरत नसून ब्रह्मज्ञानाने ठरते, असे प्रतिपादन केले. आपल्या उत्तराध्ययन सूत्राच्या पंचविसाव्या अध्ययनातही जयघोष मुनी यज्ञमंडपात हाच विचार मांडतात : मनुष्य कर्माने ब्राह्मण होतो, कर्मानेच क्षत्रिय, वैश्य वा शूद्र होतो. शिऊरच्या या संत कवयित्रीचे आणि जैन आगमाचे येथे घडणारे मतैक्य लक्षणीय आहे.

दोन आत्मकथा

याच काळात उत्तरेत आग्रा येथे कविवर्य बनारसीदास हे जैन व्यापारी राहत होते. १६४१ साली त्यांनी ‘अर्धकथानक’ हे पद्यमय आत्मचरित्र लिहिले. कापड, जवाहीर, तेल-तूप अशा व्यापारातील नफा-तोटा, कुटुंबातील दुःखे आणि स्वतःचे दोष त्यांनी त्यात मोकळेपणाने सांगितले आहेत. तरुणपणी त्यांनी शृंगारप्रधान काव्य रचले होते. पुढे त्याचा पश्चात्ताप होऊन मित्रांच्या देखत त्यांनी ती पोथी गोमती नदीत सोडून दिली.

बनारसीदास आणि बहिणाबाई यांनी एकमेकांचे नावही ऐकले नसेल. तरीही दोघांनी स्वतःचे जीवन काव्यात सांगितले आणि लोक काय म्हणतील याची भीती दोघांनीही बाळगली नाही. भेद आहे तो परिस्थितीचा. बनारसीदासांना चर्चा करण्यास अध्यात्मरसिक मित्रांची मंडळी होती आणि आपली पोथी ठेवावी की बुडवावी, हे त्यांच्या हाती होते. बहिणाबाईंना कीर्तन ऐकण्यासाठीही मार सोसावा लागला. पुरुष कवीला सहज लाभलेले श्रोते आणि स्त्री कवीला मोजावी लागलेली किंमत, यांतील अंतर इतिहास वाचताना विसरता येणार नाही.

शेवटचा श्रोता

पती-पत्नी पुढे शिऊरला परतले. इ. स. १७०० मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, अंतकाळ जवळ आल्याचे जाणून बहिणाबाईंनी पत्र पाठवून पुत्र विठोबास बोलावून घेतले आणि त्यास आपल्या पूर्वीच्या बारा जन्मांची कथा सांगितली. त्या बाराही जन्मांत तू माझा पुत्र होतास आणि हा तेरावा जन्म माझा शेवटचा आहे, असे त्या म्हणाल्या. भगवान पार्श्वनाथांचे दहा भव लहानपणापासून ऐकणाऱ्या आपल्या समाजाला ही भवकथा परकी वाटणार नाही. येथे विशेष हे की, ज्यांना पाहण्यासाठी एकेकाळी गर्दी लोटली होती, त्यांनी आपले अंतरंग सांगण्यासाठी शेवटी एकच श्रोता निवडला. गर्दीचा मोह त्यांना पूर्वी नव्हता, अंतकाळीही झाला नाही. मात्र आपले कोणी तरी नीट ऐकावे, ही इच्छा त्यांनी अखेरपर्यंत जपली.

छापील वाचक त्यांना फार उशिरा लाभले. धोंडो विनायक उमरखाने यांनी त्यांचा गाथा विसाव्या शतकाच्या आरंभी प्रसिद्ध केला, तर जस्टिन ॲबट या अमेरिकन अभ्यासकाने केलेला इंग्रजी अनुवाद १९२९ साली प्रकाशित झाला. वारकरी परंपरेला मंदिराची उपमा देणारा, ज्ञानदेवांपासून तुकोबांपर्यंतची परंपरा सांगणारा त्यांचा अभंग आज घरोघरी ठाऊक आहे. पण तो कोणाचा, असे विचारले तर बहुतेकांना उत्तर देता येत नाही.

आपल्यासाठी बोध

प्राचीन मराठी जैन साहित्याची परंपराही समृद्ध आहे. गुणकीर्तींचे ‘धर्मामृत’, गुणदासांचे ‘श्रेणिकचरित्र’, जिनदासांचे ‘हरिवंशपुराण’ ही नावे अभ्यासक आदराने घेतात. परंतु या नामावळीत भट्टारक आणि त्यांचे शिष्यच प्रामुख्याने आढळतात. आरती, पाळणे, स्तवने, पर्युषणातील गीते ज्यांच्या मुखातून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, त्या श्राविकांची नावे सहसा कोठे नोंदलेली नसतात. पूज्य साध्वीजींच्या चातुर्मासात गायली जाणारी एखादी रचना कोणत्या आजीबाईंनी केली, हे दोन पिढ्यांनंतर कोणालाच सांगता येत नाही.

कोणत्याही न्यासाच्या दप्तरी बांधकामाच्या पै-पैचा हिशेब असतो, देणगीदारांची नावे संगमरवरी शिळेवर कोरलेली असतात, आणि ते योग्यच आहे. त्याच दप्तरात एक वही अशीही असावी की जिच्यात श्राविकांनी रचलेली स्तवने, रचनाकर्तीचे नाव, गाव आणि वर्ष यांसह उतरवून घेतली जातील. बहिणाबाईंचे ऐकण्यास अखेरच्या क्षणी एक पुत्र तरी धावून आला होता. आपल्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या ओठांवरची स्तवने ऐकून घेण्यास आपण वेळेवर पोहोचावे. सुवर्णमहोत्सवी वर्षात या वहीचे पहिले पान लिहिले जावो, हीच जिनेंद्रचरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र.