तळटीप : ‘मोठ्या टीम’विषयी

७. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. मूळ मजकुरातली सावली तालुक्यातली सायकल ती हीच. तिच्यावरून व्याहाडच्या रस्त्याने शाळेत जाणारी मुलगी ज्या ‘मोठ्या टीम’चे नाव काढते, तिचा दर्जा यूसीआय ही जागतिक सायकलिंग संघटना ठरवते. २०१९पर्यंत महिलांच्या रोड सायकलिंगचे सगळे नोंदणीकृत संघ एकाच रांगेत होते. श्रीमंत प्रायोजकाचा संघ आणि कसाबसा चालणारा संघ, दोघांना शिक्का तोच. २०२०मध्ये वरची पायरी ‘वर्ल्डटीम’ झाली, बाकीचे संघ ‘कॉन्टिनेन्टल’. २०२५पासून मधे ‘प्रोटीम’ आली. फरक नुसत्या नावाचा नाही. वर्ल्डटीमला परवाना घेताना आर्थिक हमी द्यावी लागते. खेळाडूंना किमान पगार (२०२०मध्ये वर्षाला १५,००० युरो), विमा आणि पगारी बाळंतपणाची रजा बंधनकारक आहे. कॉन्टिनेन्टल संघावर यूसीआयने किमान पगाराची सक्ती केलेली नाही, म्हणून ‘व्यावसायिक’ म्हणवणाऱ्या कित्येक जणी नोकरी सांभाळून शर्यती करतात. ही सुधारणा फार उशिरा आली, असे आमचे मत. आपल्याकडे जानेवारी २०२६मध्ये झालेली ‘पुणे ग्रँड टूर’ ही २.२ दर्जाची (म्हणजे यूसीआयच्या वर्गवारीत अनेक टप्प्यांची, खालच्या वर्गाची) शर्यतही पुरुषांचीच होती. महिलांच्या २.२ शर्यतींत मात्र राष्ट्रीय व क्लब संघांनाही प्रवेश असतो. सावलीच्या मुलीला शिरायचे दार वर्ल्डटीमचे नव्हे, हे आहे. — संपा.