लग्नाचे वय आणि कोयत्याचा हिशोब

बालाघाटाच्या डोंगरात, मांजरसुंब्याजवळ, कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी आहे. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेला मराठवाड्यातून, कर्नाटक-तेलंगणातून दिंड्या येतात. ज्या लिंगायत परंपरेचे हे क्षेत्र, तिने बाराव्या शतकातच स्त्रीला इष्टलिंगाचा अधिकार दिला आणि रजःसूतक, म्हणजे पाळीचा विटाळ, नाकारले. समतेचे तत्त्व या मातीला नवे नाही. तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार बीड जिल्ह्यात 20 ते 24 वयाच्या सुमारे 44 टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले होते. राज्याचा आकडा 22 टक्के. तेव्हा तरुणांना समता ‘शिकवली’ की ती गावात येईल, हे गृहीतक आधी तपासून घ्यावे लागते.

यात्रेच्या आगेमागेच ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडतात. मुकादम उचल देतो ती माणसाला नव्हे, कोयत्याला. आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा पोरगा अर्धा कोयता ठरतो. त्याच्या घरच्यांना लग्नातून पूर्ण उचल मिळते. मुलीच्या घरी अडचण निराळी. वयात आलेली पोर पाच-सहा महिने म्हाताऱ्या आजीपाशी ठेवायची, की दार नसलेल्या कोपीत सोबत न्यायची? दोन्ही घरांच्या प्रश्नांना एकच उत्तर सापडते: लवकर लग्न. त्याला नुसती ‘अनिष्ट प्रथा’ म्हणणे सोपे आहे, पण त्यातून निदान होत नाही.

हाच हिशोब पुढे बाईच्या शरीरापर्यंत जातो. खाडा झाला की पैसे कापले जातात. पाळी, अंगदुखी, बाळंतपण हे सगळे खाड्यातच धरले जाते. 2019 मध्ये राज्य शासनाच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत जिल्ह्यातील सुमारे 82 हजार ऊसतोड स्त्रियांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. लवकर लग्न, लवकर बाळंतपणे, उपचारांकडे दुर्लक्ष आणि शेवटी पिशवीच नको, अशी ही साखळी आहे. रजःसूतक नाकारणाऱ्या क्षेत्राच्या पंचक्रोशीत पाळी विटाळ म्हणून नाही तर बुडालेली मजुरी म्हणून नकोशी व्हावी, यावर आपल्या कीर्तनकारांनी बोलायला हरकत नाही.

मुलग्यांचे काय? 2011 च्या जनगणनेत बीडमध्ये शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे 807 मुली होत्या, राज्यात सर्वांत कमी. ती मुले आता वयात आली आहेत. मुली कमी झाल्या म्हणून त्यांची किंमत वाढेल, असा भाबडा तर्क तेव्हा काही जण करत. माझ्या मते वाढते ती मागणी, आणि मागणी वाढली की स्थळे लवकर येतात. म्हणून समतेचे काम फक्त मुलींच्या गटांत करणे म्हणजे अर्ध्या कोयत्याशीच बोलणे होय.

मग काय उपयोगी पडते? उत्तर बीडहून संभाजीनगरकडे जाताना महामार्गावर लागणाऱ्या पाचोडला मिळते. तेथील आरोग्य व्यवस्थापन संस्थेने नव्वदच्या दशकाअखेर अविवाहित किशोरींसाठी जीवनकौशल्याचे वर्ग चालवले. रोज संध्याकाळी तासभर, आठवड्याचे पाच दिवस, वर्षभर. शिकवणाऱ्या बायका गावातल्याच, फार शिकलेल्याही नव्हत्या. आरोग्य, कायदा, बँक, पंचायत असे विषय. त्या गावांत विवाहाचे मध्यक वय सोळावरून सतरावर गेले. एकच वर्ष, असे कुणी म्हणेल. पण त्या एका वर्षात दहावीची परीक्षा बसते.

या वर्गांचा गुण अभ्यासक्रमापेक्षा सातत्यात असावा. प्रभातफेरी आणि शपथ यांनंतरही मुलगी एकटीच राहते. रोजच्या तासाने तिच्यामागे पंधरा-वीस जणी उभ्या राहतात आणि आई-बापांनाही त्याची दखल घ्यावी लागते. बालविवाह प्रतिबंध कायदा 2006 चा आहे, गावात ग्रामसेवक हाच प्रतिबंध अधिकारी आहे, 1098 हा मुलांसाठीचा मदत क्रमांकही आहे. मात्र तक्रार करणाऱ्या पोरीला दुसऱ्या दिवशी त्याच घरात राहायचे असते. गटाने केलेली तक्रार कुणा एकीच्या नावावर पडत नाही. त्या गटात चुलतभाऊ, शेजारचा मित्र असेल, तर घरातले दडपण आणखी सैल होते.

पण संघटित मुलीलाही हंगामात राहायला छप्पर लागते. शिक्षण हक्क कायदा चौदाव्या वर्षी थांबतो आणि हंगामी वसतिगृहांची रचनाही त्याच वयोगटाभोवती आहे. म्हणजे लग्नाचा दबाव सुरू होतो त्याच वर्षी सोय संपते. 2021 मध्ये मंजूर झालेली ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीची संत भगवानबाबा वसतिगृह योजना या पोकळीत उपयोगी पडू शकते: राज्यातील 41 तालुक्यांत मुलामुलींची प्रत्येकी एक, अशी 82 वसतिगृहे, प्रत्येकी शंभर जागांची. म्हणजे मुलींसाठी तालुक्याला शंभर जागा. गावागावांतल्या तरुण गटांनी ऑक्टोबरच्या आत, टोळीची गाडी दारात लागण्यापूर्वी, आपल्या गावातून किती मुली जाणार आहेत याची यादी करून त्या जागा मागायला हव्यात.