शिवलकरांचे 589

मधल्या सुट्टीत बेदी की पद्माकर शिवलकर, या वादात आपले डबे तसेच राहायचे. तेव्हा आकडे तोंडी फेकत होतो, आता नीट मांडतो. 1972-73चा रणजी अंतिम सामना, मद्रासचं चेपॉक. मुंबई 151 आणि 113. एवढ्यात कोण जिंकतं? पण शिवलकरांनी पहिल्या डावात 16 धावांत 8, दुसऱ्यात 18 धावांत 5 बळी घेतले. तामिळनाडू 80 आणि 61! प्रथम श्रेणीत एकूण 589 बळी, सरासरी विसाच्या आत. कसोटी मात्र एकही नाही. बेदी होते, हे खरं. म्हणून दुसऱ्या डावखुऱ्याला एकदाही संधी नाही? मागच्या बाकावरच्या बेदीभक्तांनो, जेवणाच्या पंगतीत उत्तर द्या.