खानावळ (अहिल्यानगर जिल्हा)

ठरलेल्या गिऱ्हाइकांना महिन्याच्या बोलीवर दोन्ही वेळचे घरगुती जेवण देणारी जागा. शहरात आता सर्रास ‘मेस’ म्हणतात आणि जेवणाऱ्याला ‘मेंबर’. बहुधा राहत्या घराच्या पुढच्या खोलीत चालते. स्वयंपाक घरची बाई करते. मेंबरांची ती काकू किंवा मावशी.

जपानमध्ये गल्लीतल्या छोट्या इझाकायात, म्हणजे तिथल्या दारू-जेवणाच्या जागेत, नेहमीचा माणूस दोन घोट साके आणि घरच्या चवीचे चार पदार्थ घेऊन दिवस संपवतो. नगरकडे ही दोन सुखे एका छपराखाली सहसा नांदत नाहीत. 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार पिण्याला परवाना लागतो, त्यामुळे परमिट रूमचा दरवाजा निराळा. तिथे चकणा मिळतो, वेटरही ओळखीचा होतो. पण ताप आल्यावर मऊ भात कोणी टाकत नाही. ती माया खानावळीकडे. त्यात पारनेर तालुका अण्णा हजारेंच्या राळेगणसिद्धीचा. दारूबंदीचा बोलबाला इथे जुना आहे.

मेंबर म्हणजे घर सोडून आलेला माणूस. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे आणि नगर, संगमनेर, लोणीच्या महाविद्यालयांचे विद्यार्थी, एमआयडीसीतले कामगार, बदलीवर आलेले कारकून, कधी मुक्कामी एसटीचे चालक-वाहक. एसटीची पहिली गाडीच 1 जून 1948 ला नगर-पुणे मार्गावर धावली. याच जिल्ह्याच्या पारनेर, अकोले भागांतले लोक पोटासाठी मुंबईला गेले, तेव्हा तेही खानावळीतच जेवले. मुंबईच्या गिरणगावात अशा खानावळी चालवणाऱ्या बायकांना प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले.

पैसे आगाऊ. गावी जायचे तर आदल्या दिवशी सांगावे, म्हणजे ‘खाडा’ धरला जातो, ते जेवण हिशेबातून वगळतात. न सांगता गेल्यास जेवण बुडाले. खाड्यावरून होणारी कुरकुर हा या धंद्याचा कायमचा भाग. रविवारी दुपारी गोडाधोडाची ‘फीस्ट’ आणि संध्याकाळी चूल बंद. त्या रात्री मेंबर वडापावावर भागवतो. चतुर्थीला उपासवाल्यांसाठी साबुदाण्याची खिचडी.

रोजचे ताट साधे: पोळी किंवा भाकरी, एक सुकी भाजी, आमटी, भात, कांदा. थंडीत बाजरी, उन्हाळ्यात ज्वारी. खरी कसोटी शेंगोळ्यांची. हुलग्याचे पीठ लसूण, मिरची घालून घट्ट मळायचे, तळहातांत वळून वेटोळी करायची आणि उकळत्या फोडणीच्या पाण्यात सोडायची. शिजताना पीठ सुटून रस्सा आपोआप दाट होतो. वळायला वेळ लागतो, म्हणून मेंबर वाढले की पहिला पदार्थ गळतो तो हाच. पाठोपाठ भाकरीही. पोळ्या लाटणारी बाई मिळते, पन्नास भाकऱ्या थापणारी मिळणे अवघड.

अकोले तालुक्यात पाचनई, रतनवाडी, साम्रद येथे गडावर निघालेल्यांना घरोघरी पिठले-भाकरी मिळते. जेवण अस्सल घरचे. पण पाहुणा एकदाच येतो, त्याचा खाडा कोणी धरत नाही. त्या घरांचा समावेश या नोंदीत केलेला नाही.